पट्टा घेऊनच निघ

पत्र:

ताई, सलाम. मी पंचवीस वर्षांची आहे. प्रशिक्षण संपवून ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी पहिल्यांदाच परदेशी चालले आहे. नेमणूक तीन वर्षांची आहे आणि निघायला बारा दिवस उरलेत. तीन विमानं, मध्ये एका अनोळखी शहरात अठरा तासांचा थांबा, मग दिवसभराची बस आणि शेवटी डोंगरातल्या धावपट्टीवर उतरणारं छोटं विमान. चार दिवसांचा हा सगळा प्रवास एकटीने करायचा आहे. निरोपाच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवले, किती धीराची मुलगी म्हणाले. पण रात्री अंथरुणावर पडलं की मला धडकी भरते. पाचारण, म्हणजे देवाने या कामाला बोलावणं, खरं असतं तर एवढी भीती वाटली असती का?

माझ्याबरोबर शिकलेला एक जण म्हणतो, लसी, विमा, औषधं, कागदांच्या चार-चार झेरॉक्स अशी यादी करत बसणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. आईने पासपोर्टसाठी गळ्यात अडकवून कपड्यांच्या आत घालायची कापडी पिशवी शिवून दिली आहे, तिलाही तो हसला. आई म्हणते, रोज फोन करीन असं वचन दे. एका जाणत्या माणसाने सुचवलंय की विमानतळावर येण्याचं कारण विचारलं तर ‘पर्यटन’ सांग, उगाच भानगड नको. आणि पोहोचल्याबरोबर कामाला लागता यावं म्हणून या चार दिवसांत मला तिथल्या भाषेचं व्याकरणाचं पुस्तक संपवायचं आहे. माझं कुठे काय चुकतंय?

– निघण्याच्या तयारीतली एक सेविका

उत्तर:

प्रिय मुली, सलाम.

भीतीपासूनच सुरुवात करते, कारण तुझे बाकीचे बरेचसे प्रश्न तिच्याच पोटी जन्मले आहेत.

हडसन टेलरचं नाव तू प्रशिक्षणात ऐकलं असशील. पुढे चीनमधल्या मिशनकार्याचा मोठा पुढारी म्हणून तो ओळखला गेला, पण मला तुझ्यासमोर उभा करायचाय तो एकवीस वर्षांचा मुलगा. १९ सप्टेंबर १८५३ रोजी तो लिव्हरपूल बंदरातून ‘डम्फ्रीज’ नावाच्या शिडाच्या जहाजाने निघाला. जहाजावर दुसरा प्रवासी नव्हता. आई निरोपाला आली होती. ज्या चिमुकल्या खोलीत मुलाला पुढचे जवळजवळ सहा महिने काढायचे होते, तिथे ती त्याच्याबरोबर गेली आणि तिने हाताने त्याचा बिछाना सारखा केला. मग दोघांनी मिळून एक गीत गायलं, प्रार्थना केली. जहाज गोदीतून बाहेर पडलं तेव्हा तिच्या तोंडून जो आकांत निघाला, तो सुरीसारखा काळजात घुसला, असं त्याने नंतर स्वतः लिहून ठेवलं आहे.

समुद्रावरचे पहिलेच काही दिवस वादळाचे निघाले. वेल्सच्या किनाऱ्याजवळ जहाज खडकांकडे ढकललं जाऊ लागलं आणि वाचण्याची आशा संपली. टेलरजवळ पाण्यात तरंगायचा पट्टा होता. आईच्या आग्रहाखातर त्याने तो घेतला होता. त्या रात्री त्याच्या मनाने घेतलं, की हा पट्टा जवळ आहे तोवर माझा देवावर पुरता भरवसा नाही. त्याने पट्टा देऊन टाकला आणि त्याला एकदम शांत वाटलं. त्यानंतर त्याने काय केलं असेल? पाण्यावर तरंगतील अशा हलक्या वस्तू गोळा करून एकत्र ठेवल्या. आपण आत्ताच पट्टा देऊन टाकला आणि आता हे करतोय, याचा मेळ बसत नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. जहाज थोडक्यात बचावलं. पट्टा देणं ही आपली चूक होती, असं त्याने पुढे मोकळेपणाने लिहिलं. भरवसा ठेवणं आणि हाताशी असलेलं साधन वापरणं यांत त्याला मग कधीच वैर दिसलं नाही.

तुझ्या सोबत्याला ही हकिकत सांग. रागाने नको सांगूस. तो मनाने वाईट नाही, त्या वादळातला टेलर त्याच्यासारखाच विचार करत होता. आणि त्याला बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्यायही वाचायला लाव. वादळात सापडलेल्या जहाजावरच्या एकाचाही जीव जाणार नाही, असं प्रेषित पौलाला देवदूताने सांगितलेलं होतं. तरी खलाशी होडी पाण्यात सोडून तिच्यातून पळू लागले तेव्हा त्याने शताधिपतीला, म्हणजे रोमन सैन्याच्या अधिकाऱ्याला, सावध केलं, सगळ्यांना पोटात काहीतरी घालायचा आग्रह केला. शेवटी २७६ माणसं किनाऱ्याला लागली ती कशी? ज्यांना पोहता येत होतं ती पोहत, बाकीची फळ्यांवर आणि मोडक्या जहाजाच्या तुकड्यांवर. वचन मिळालेलं होतं, तरी फळ्या लागल्याच.

तेव्हा तुला भीती वाटते म्हणून पाचारण खोटं ठरत नाही. ज्या माणसाला आपण काय मागे सोडून चाललोय हे कळतं, त्याच्या पोटात गोळा येणारच. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘धीराची मुलगी’ हे नाव तू अंगावर घेतलंस आणि आता ते सांभाळायच्या धडपडीत कुणाजवळ बोलत नाहीस. निघण्याआधी मिशनमधल्या एका तरी वडीलधाऱ्या माणसासमोर बस आणि मला लिहिलंस तसंच्या तसं सांग. नेमणूक रद्द होईल असं मनात आणू नकोस. भीती सांगणारी माणसं अडचणीही वेळेवर सांगतात, आणि मिशनच्या दूरच्या ठाण्यावर अशीच माणसं हवी असतात.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या प्रवासात मीही असंच नाव सांभाळत होते. दुसऱ्या दिवशी एका भल्या मोठ्या विमानतळावर मला माझ्या विमानाचं दार सापडेना. पाट्या वाचता येत होत्या, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजाआड रडले. फरशी पुसणारी एक बाई थांबली. आम्हा दोघींना समजेल अशी एकही भाषा नव्हती. तिने माझ्या हातातला बोर्डिंग पास घेतला, त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं, बादली भिंतीला लावली आणि मला पार दारापर्यंत सोडून आली. परत जाताना तिने दोन्ही हातांनी माझे गाल पुसले. मी सेवा करायला निघाले होते, आणि त्या सगळ्या प्रवासातली पहिली सेवा माझी झाली. तिचं नावही मला माहीत नाही. रोजच्या प्रार्थनेत ती आजही असते.

आता तुझी यादी. ती फाडू नकोस, उलट तिच्यात भर घाल. तुझ्याकडे बारा दिवस आहेत म्हणून आधी लसीचं बघ. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला टोचून घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, त्याआधी तो धरत नाहीत. जायचा देश तो मागत नसला तरी निर्धास्त राहू नकोस. ज्या देशात या तापाचा धोका आहे, तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलेल्या प्रवाशाकडेही काही देश दाखला मागतात, आणि तुझा थांबा अठरा तासांचा आहे. म्हणजे विचारायचं ते उद्याच. दाखला एकदा मिळाला की २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे तो जन्मभर चालतो. त्याच भेटीत हिवतापाच्या गोळ्यांबद्दल विचार. काही गोळ्या धोक्याच्या भागात शिरण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात, काही दोन-तीन आठवडे आधी. तुझ्या हातातले दिवस आणि तीन वर्षांचा मुक्काम, दोन्ही डॉक्टरांना सांग.

थांब्याच्या शहरात विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो का, आणि नाही पडायचं तर अठरा तास आत बसू देतात का, हे विमान कंपनीला विचारून घे. तिन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का तेही बघ. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुझ्यासाठी काही करायला बांधलेली नसते. पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने पुढची हवी. औषधं, चिठ्ठीसकट, हातसामानात. एक जोडी कपडेही हातसामानात, हे तर मी कळवळून सांगते, कारण माझी मोठी बॅग माझ्यामागून नऊ दिवसांनी आली. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नकोस, ती विमानात आपल्याजवळच ठेवावी लागते. घ्यायला येणाऱ्या माणसाचा नंबर कागदावरही लिहून ठेव. मोबाईल नेमका नको तेव्हा बंद पडतो. झोपेच्या वेळा बिघडतील, चार-सहा दिवस डोकं जड राहील. त्या दिवसांत आपल्या पाचारणाबद्दल कसलाही निर्णय घेऊ नकोस. पहाटे तीनला टक्क जाग येते तेव्हा मनात येणारा प्रत्येक विचार खरा वाटतो. सकाळी उजेडात थोडं चाल.

‘पर्यटन’ सांगू का? नाही. ज्यांनी सुचवलं त्यांचा तुझ्यावर जीव असेल, त्यांना वर्षानुवर्षांचा अनुभवही असेल, तरी नाही. धार्मिक कामासाठी येणाऱ्यांना कित्येक देशांत वेगळा व्हिसा असतो. तुझ्या पासपोर्टवर नक्की कोणता शिक्का आहे, तो त्या कामाला चालतो का, हे मिशनच्या कचेरीला स्पष्ट विचार आणि उत्तर लेखी घे. कागद बरोबर असतील तर खरं सांगायला भ्यायचं कारण नाही. कागद बरोबर नसतील तर निघण्याची तारीख पुढे ढकल. खोटं उघडं पडलं तर तुला परतीच्या विमानात बसवतील आणि पुन्हा येऊ देणार नाहीत, एवढ्यावर ते थांबत नाही. तू तीन वर्षांसाठी चालली आहेस, पण तिथली ख्रिस्ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणार आहे. तुला बोलावणारा पत्ता तिचा आहे. पुढे चौकशीला दार वाजेल ते तिचं. शिवाय, ज्या देशात तू खरेपणाबद्दल बोलणार आहेस, त्या देशाच्या उंबऱ्यावरचं तुझं पहिलंच वाक्य खोटं असावं, हे तुलाच सहन होणार नाही. ते सहन होत नाही म्हणूनच तू मला विचारलंस.

आईकडे येते. रोजच्या फोनचं वचन देऊ नकोस. प्रेम कमी आहे म्हणून नव्हे, तर ते पाळता येणार नाही म्हणून. डोंगरातल्या ठाण्यावर वीज जाईल, रेंज जाईल, पावसात चार-चार दिवस काही चालणार नाही. रोजचं वचन दिलंस तर ज्या दिवशी फोन येणार नाही त्या रात्री तिकडे आईचा जीव टांगणीला लागेल. त्यापेक्षा आठवड्यातला एक वार ठरव. तो चुकला तर दोन दिवस वाट बघायची, मग मिशनच्या कचेरीतल्या अमुक माणसाला फोन करायचा, असं आईला सांगून ठेव. त्या माणसाची आणि आईची निघण्याआधी समोरासमोर गाठ घालून दे. प्रवासात मात्र प्रत्येक टप्प्यावर दोन शब्द धाड. ‘उतरले’, ‘बसले’, एवढेही पुरतात.

आणि पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घरी एक लांब पत्र लिही, हाताने. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. १० नोव्हेंबरला त्यांनी इंग्लंडमधल्या वडिलांना पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. समुद्रातले पक्षी, मासे, वारा पडला की होणारी तगमग, हिरड्या सुजून आजारी पडणारी माणसं असं सगळं त्यात आहे. नवखे डोळे फार दिवस टिकत नाहीत. महिन्याभराने तुला तिथलं काहीच नवल वाटणार नाही, आणि मग आईला सांगायला उरेल फक्त तब्येत आणि हवामान.

स्टीफन्सचं नाव मी मुद्दाम काढलं, तुझ्या व्याकरणाच्या पुस्तकासाठी. याच माणसाने पुढे मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं. ते छापून झालं १६१६ मध्ये. १५७९ ते १६१६ मध्ये किती वर्षं गेली, मोज. सदतीस. आणि तू चार दिवसांत भाषा संपवायला निघालीस! अगं, पुस्तक बरोबर घे, बसमध्ये चाळ, हरकत नाही. पण ‘पोहोचताक्षणी कामाला लागेन’ हे मनातून काढून टाक. त्यात तुझी हौस आहे तशी भीतीही आहे. हाताला काम असलं की आपण परके आहोत हे जाणवत नाही. पहिले काही महिने ते जाणवू दे.

सांगायला दहा शब्द पुरेत: सलाम, आभार, माफ करा, पाणी, माझं नाव अमुक, तुमचं काय, हे काय, पुन्हा सांगा, दुखतंय, पुरे. ती भाषा येणाऱ्या माणसाकडून त्यांचे उच्चार प्रवासातच घोटून घे. छोट्या विमानाची वाट बघताना तिथे ठाण्याकडची दोन-चार माणसं नक्की भेटतील.

त्या शेवटच्या टप्प्याबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, आणि माझ्या मते सगळ्या प्रवासाचा जीव तिथे आहे. अशा विमानात बसण्याआधी सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात. धावपट्टी आखूड असते आणि डोंगरात हवा विरळ असते, त्यामुळे किलो-किलोचा हिशेब ठेवावा लागतो. माझ्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये धान्याचा असतो तसला काटा होता. मी त्यावर उभी राहिले, मग माझं खोकं ठेवलं. वैमानिकाने वहीत आकडे लिहिले, बेरीज केली आणि शांतपणे म्हणाला, नऊ किलो जास्त होतायत. मागे एक बाळंतीण होती, तिच्याजवळ दहा दिवसांचं मूल आणि तांदळाची पिशवी. तिचं काही उतरवणं शक्यच नव्हतं. मी खोकं उघडलं आणि पुस्तकं काढली, शब्दकोशासकट सगळी. ती पुस्तकं माझ्याकडे आली चार महिन्यांनी.

ते चार महिने मी तोंडाने शिकले. हे काय, पुन्हा सांगा, हे काय, पुन्हा सांगा. शेजारच्या लहान मुलांनी मला शिकवलं आणि माझे उच्चार ऐकून पोट धरधरून हसली. विमानातली ती बाळंतीण रोज संध्याकाळी येऊन बसायची, मूल माझ्या मांडीवर द्यायची आणि त्याच्या एकेका अवयवाला हात लावून नाव सांगायची. नाक, कान, टाच. माझी बॅग आली नव्हती, तेव्हा अंगावर तिच्याच बहिणीचे कपडे होते. मी तिथे दिलं काय, तर काही नाही. पण पुढे तिच्या मुलाला ताप आला तेव्हा तिने रात्री दार माझंच वाजवलं. खोकं बरोबर असतं तर मी खोलीत बसून शब्दकोश पाठ केला असता आणि तिला माझ्याकडे यायला कारण उरलं नसतं.

पौलाचंही तेच झालं, बघ. अठ्ठाविसावा अध्याय. एवढा मोठा प्रेषित मलिता (आजच्या माल्टा) बेटावर पहिल्यांदा उभा राहिला तो भिजलेला, कुडकुडणारा. पाऊस पडत होता, आणि तिथल्या अनोळखी लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतलं. पौलाने बोलायला सुरुवात केली असं तिथे लिहिलेलं नाही. त्याने काटक्या गोळा केल्या. आधी ऊब घेतली आणि हाताला जमेल तेवढं केलं. बेटावरचे आजारी त्याच्याकडे आले ते नंतर.

कोणी घ्यायला आलं नाही तर, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो तुझ्या मनात असणार. टेलर १ मार्च १८५४ रोजी शांघायला उतरला तेव्हा त्याच्या खिशात ओळखीची पत्रं होती. ज्यांच्या नावाने ती होती त्यांतला एक जण वारलेला होता, दुसरा अमेरिकेला परत गेलेला. शहरावर बंडखोरांचा ताबा आणि बाहेर सरकारी फौजेचा वेढा. तरी त्याच दिवशी दुसऱ्या मिशनच्या माणसांनी त्याला आसरा दिला. तुझ्याजवळ फोन आहे, कागदावर लिहिलेला नंबर आहे. बसच्या थांब्यावर कोणी दिसलं नाही तर उजेडात, चार माणसांत बसून राहा आणि दोन तास वाट बघ. मग पहिला फोन त्या नंबरवर, दुसरा कचेरीला. रात्री एकटीने गाडी करून निघू नकोस, कितीही लाज वाटली तरी जवळच्या एखाद्या कुटुंबाला विचार.

राहिली ती कापडी पिशवी. घाल ती. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, झोपतानाही गळ्यात राहू दे. पासपोर्ट, लसीचा दाखला, नंबरांचा कागद आणि थोडे पैसे तिच्यात बसतील का, ते आजच घालून बघ. नसतील बसत तर आईला सांग, ती शिवण उसवून अर्धा इंच वाढवून देईल. तिच्यासमोर बसून भर. काय कुठल्या कप्प्यात ठेवलंय ते तिला दाखव. पुढचे चार दिवस तू कुठे असशील हे तिला नीटसं उमगणार नाही, पण ती पिशवी कशी दिसते, कुठे टाका घातलाय, हे तिला डोळे मिटून माहीत असेल.

तुझी,
ताई